घरधन्याने उघडलेले दार

कचेरीतील संगणक अकारण मंदावला, अथवा एखाद्या शिक्षकाच्या बचत खात्यातून त्याच्या नकळत रक्कम निघून गेली, की ‘व्हायरस शिरला’ असे म्हणून मोकळे होण्याची रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे. या शब्दयोजनेत एक सोयीस्कर अज्ञान दडलेले आहे. रोगाची साथ हवेतून येते, पाण्यातून येते. ज्याला लागण होते त्याचा त्यात हात असतोच असे नाही. संगणकावर कोसळणाऱ्या संकटांपैकी एक मोठा वर्ग मात्र असा आहे, की जो पुढच्या दाराशी येऊन रीतसर कडी वाजवितो आणि घरधनी स्वतः उठून त्याला आत घेतो. संगणकशास्त्रात या वर्गाला ट्रोजन म्हणतात. खरा व्हायरस दुसऱ्या प्रोग्रॅमला चिकटून आपली संख्या वाढवीत जातो. ‘वर्म’ नावाचा प्रकार संगणकांच्या जाळ्यातून आपल्या पायांनी प्रवास करतो. ट्रोजनला यांपैकी काही करता येत नाही. त्याला कोणीतरी उचलून घरात आणावे लागते. हा भेद केवळ तज्ज्ञांच्या कामाचा आहे असे समजणे चूक ठरेल. कारण चोरी झाल्यावर दोष कोणाचा आणि भुर्दंड कोणी सोसावयाचा, हा प्रश्न नेमका याच भेदापाशी येऊन थांबतो.

नावाची कथा सर्वश्रुत आहे. दहा वर्षे वेढा घालूनही ट्रॉय नगरी हाती येईना, तेव्हा ग्रीकांनी एक प्रचंड लाकडी घोडा मागे सोडून माघारीचे सोंग केले आणि नगरवासीयांनी तो स्वहस्ते तटाच्या आत ओढून नेला. घोडा ग्रीकांचा, कपट ग्रीकांचे; नाव मात्र चिकटले ते फसलेल्या ट्रोजनांचे! फसविणाऱ्याऐवजी फसलेल्याकडे बोट दाखविण्याची खोड अशी पुरातन आहे. याहून जवळचा दाखला हवा असेल तर पंचवटीतील पर्णकुटीच्या दाराशी उभा राहिलेला भिक्षुक आठवावा. लोककथेतील सीता रेषा ओलांडते ती लोभापायी नव्हे. दाराशी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, या धर्मबुद्धीने. ट्रोजन रचणारांचे मनुष्यस्वभावाचे ज्ञान असेच सूक्ष्म असते. ते लोभावर जगतात हे खरे. परंतु भीती, सौजन्य आणि आज्ञाधारकपणा यांवरही त्यांची उपजीविका तितकीच चालते.

जेम्स अँडरसन यांनी १९७२ साली अमेरिकी हवाई दलासाठी संगणक-सुरक्षिततेवर जो अहवाल लिहिला, त्यात ही संज्ञा आढळते. कल्पना साधी आहे. एखादा प्रोग्रॅम वरकरणी सांगितलेले काम बिनबोभाट करतो आणि त्याच वेळी न सांगितलेले दुसरे कामही उरकतो. ज्याने तो चालविला त्याचे सारे अधिकार प्रोग्रॅमला आपसूक मिळतात. मालकाला जी फाईल उघडता येते ती त्यालाही उघडता येते. मालक जे टंकित करतो ते त्यालाही वाचता येते. संगणकाच्या दृष्टीने येथे घुसखोरी घडलेलीच नसते.

या तंत्राचा पहिला मोठा सार्वजनिक प्रयोग १९८९ च्या डिसेंबरात झाला. एड्सविषयी माहिती देणाऱ्या सुमारे वीस हजार फ्लॉपी टपालाने देशोदेशी पाठविण्यात आल्या. त्या घेणारांत जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेचे प्रतिनिधी होते. फ्लॉपीवरील प्रश्नावली खरोखरच उत्तरे विचारून एड्सचा धोका वर्तवीत असे. परंतु संगणक साधारण नव्वद वेळा सुरू झाल्यावर फाईलींची नावे विस्कटून जात आणि पनामातील एका टपालपेटीवर १८९ डॉलर धाडावेत अशी मागणी पडद्यावर उमटे. हा खटाटोप करणारा जोसेफ पॉप हा अमेरिकी जीवशास्त्रज्ञ होता. तो पकडला गेला, पण ब्रिटिश न्यायालयाने त्याला खटल्यास मानसिकदृष्ट्या अपात्र ठरविले. यातली खरी गंमत पुढेच आहे. फ्लॉपीसोबत एक छापील करारपत्र होते आणि पैसे न भरल्यास इतर प्रोग्रॅमांवर विपरीत परिणाम होईल, अशी समज त्यात बारीक अक्षरांत दिलेली होती. घोड्याच्या पोटात सैनिक आहेत, असे घोड्यावरच लिहून ठेवलेले होते; ते कोणी वाचले नाही इतकेच. आज भ्रमणध्वनीवरील लांबलचक अटींखाली ‘मान्य’ हे बटण दाबणारांपैकी किती जण त्या अटी वाचतात, हे विचारून पाहण्यासारखे आहे.

गेल्या काही वर्षांत भारतात ज्या रूपांनी हा भिक्षुक दाराशी येतो ती रूपे घरगुती आहेत. व्हॉट्सॲपवर परिचिताच्या नावाने लग्नपत्रिका येते. वाहतूक नियम मोडल्याचे चलान येते. शेतकरी सन्मान निधीची यादी येते. ‘केवायसी अपुरे असल्याने खाते आज रात्री बंद होईल’ अशी बँकेची म्हणून ताकीद येते. फाईलीच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही तीन अक्षरे असतात. त्यांचा अर्थ एवढाच, की ही पत्रिका नव्हे, चित्र नव्हे, कागद नव्हे. हा अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर बसवावयाचा प्रोग्रॅम आहे. पत्रिका वाचण्यासाठी काहीही ‘इन्स्टॉल’ करावे लागत नाही, ही एक गोष्ट ध्यानी धरली तरी पुष्कळ अनर्थ टळेल. पुढचा क्रम ठरलेला असतो. अनोळखी ठिकाणाहून आलेला प्रोग्रॅम बसवू काय, असे यंत्र विचारते. मग लघुसंदेश वाचण्याची परवानगी मागितली जाते. शेवटी ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाची सोय चालू करण्यास सांगितले जाते. ही सोय मुळात अंध व अपंग व्यक्तींसाठी निर्माण झाली: पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणे आणि मालकाच्या वतीने बटणे दाबणे हे तिचे काम. अंधांसाठी दिलेली काठी ट्रोजनच्या हाती गेली, की तो पडद्यावरचे सारे वाचतो, ओटीपी उचलतो आणि मालक झोपलेला असताना त्याच्या वतीने होकारही देतो. बहुधा प्रोग्रॅमचे चिन्ह पडद्यावरून नाहीसे होते आणि ‘फाईल उघडली नाही’ एवढे म्हणून माणूस ते विसरून जातो.

टेबलावरील संगणकाच्या वाटा थोड्या वेगळ्या आहेत. शाळा-महाविद्यालयांच्या कचेऱ्यांत आणि छपाईच्या दुकानांत मराठी अक्षरजुळणीची वा पुस्तकरचनेची सॉफ्टवेअरे ‘क्रॅक’ करून वापरण्याचा प्रघात काही नवा नाही. अशा फुकट प्रतीसोबत येणाऱ्या सूचनापत्रात पहिलेच वाक्य अनेकदा ‘प्रथम अँटिव्हायरस बंद करावा’ असे असते. पहारेकऱ्याला रजा देऊन मग पाहुण्याला आत घेण्याची ही अट कोणालाही खटकू नये, हे नवलच म्हणावयाचे. परंतु येथे केवळ नीतीचा पाठ देऊन भागणार नाही. ज्या कचेरीला सॉफ्टवेअरसाठी अनुदानाचा पैसाही मिळत नाही आणि काम मात्र सायंकाळपर्यंत हवे असते, तेथील लिपिकाने काय करावे याचे उत्तर वरिष्ठांनीच द्यावयाचे आहे.

दुसरी वाट टपालाची. विंडोज प्रणालीत फाईलीच्या नावाचे परिचित शेपूट मूळच्या मांडणीत झाकलेले असते. त्यामुळे ‘पगारपत्रक.पीडीएफ.ईएक्सई’ या नावाचा प्रोग्रॅम पाहणाऱ्याला ‘पगारपत्रक.पीडीएफ’ असा निरुपद्रवी दिसतो. मे २००० मध्ये फिलिपाइन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ प्रकरणात हीच युक्ती होती. ते प्रकरण पुढे वर्मप्रमाणे आपोआप पसरले; पण प्रत्येक संगणकावर पहिले पाऊल पडले ते कोणीतरी प्रेमपत्र समजून फाईल उघडली म्हणून. लक्षावधी संगणक बाधित झाले आणि तिकडे लागू पडेल असा कायदाच नसल्याने खटला उभा राहू शकला नाही.

एकदा आत आलेला प्रोग्रॅम बहुधा लहानसा असतो. चोरीचे अवजड सामान तो बरोबर आणीत नाही. संगणक सुरू होताच आपणही सुरू व्हावे अशी तजवीज करणे, बाहेरच्या धन्याशी संधान बांधणे आणि हवे ते साहित्य मागाहून उतरवून घेणे, हे त्याचे काम. काही ट्रोजन कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ टिपतात. २००७ च्या सुमारास पुढे आलेला झ्यूस नावाचा ट्रोजन याहून चतुर होता. तो बँकेच्या खऱ्या संकेतस्थळाच्या पानातच, ते पडद्यावर उमटण्यापूर्वी, आपले दोन जादा रकाने घुसवी. पत्ता खरा, कुलपाचे चिन्ह खरे, पान खरे. खोटे काय ते एवढे दोन रकाने. कुलपाचे चिन्ह बँक आणि संगणक यांच्यामधील रस्ता सुरक्षित असल्याची ग्वाही देते. संगणकाच्या आत कोण बसले आहे याची नव्हे, हे येथे नमूद केलेले बरे.

मग हा घुसखोर ओळखावा कसा? लक्षणे सांगता येतात. काम काही चालू नसताना पंखा घरघरत राहणे, भ्रमणध्वनी खिशात असूनही तापणे, बॅटरी आणि इंटरनेटचा साठा झपाट्याने सरणे. ब्राउझरचे पहिले पान आपोआप बदलणे, न मागितलेल्या खिडक्या उघडणे. आपण न पाठविलेले निरोप मित्रांना पोचणे. यांतील पहिली दोन-तीन लक्षणे जुन्या झालेल्या यंत्रातही दिसतात, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. खरोखर गंभीर समजावीत अशी लक्षणे वेगळी आहेत. अँटिव्हायरस आपोआप बंद झालेला असणे आणि पुन्हा चालू न होणे. चालू प्रोग्रॅमांची यादी दाखविणारा टास्क मॅनेजर उघडताच मिटणे. ॲक्सेसिबिलिटीच्या यादीत अथवा यंत्राचे प्रशासकीय अधिकार असलेल्यांच्या यादीत अनोळखी नाव दिसणे. एखादा प्रोग्रॅम काढून टाकू गेल्यास पडदा मागे फिरणे. आणि सर्वांत महत्त्वाचे: बँकेचे नित्याचे लघुसंदेश एकाएकी यावयाचे थांबणे. गोंगाटाकडे सर्वांचे लक्ष जाते. अशा शांततेकडे कोणाचे जात नाही.

तथापि लक्षणांवर विसंबण्याला मर्यादा आहे आणि ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पैशासाठी लिहिलेला चांगला ट्रोजन गाजावाजा करीत नाही. मालक निश्चिंत राहण्यातच त्याचे हित असते. शिवाय ‘तुझ्यात काही शिरले आहे काय’ हा प्रश्न ज्या यंत्राला विचारावयाचा, तेच यंत्र घुसखोराच्या ताब्यात असते. केन थॉम्प्सन यांनी ट्यूरिंग पारितोषिकाच्या निमित्ताने दिलेल्या आणि १९८४ साली छापून आलेल्या व्याख्यानात तर असे दाखवून दिले, की प्रोग्रॅमचा मूळ मजकूर ओळ न् ओळ तपासला तरी त्यात न दिसणारे कपट, तो मजकूर यंत्रभाषेत उतरविणाऱ्या साधनातून येऊ शकते. जेथे त्या क्षेत्रातील धुरीणांची ही स्थिती, तेथे सामान्य शिक्षकाने पंख्याच्या घरघरीवरून निदान करावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होय. संशय आल्यास यंत्राचे इंटरनेट प्रथम तोडावे, परवलीचे शब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत, आणि पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर व बँकेला तत्काळ कळवावे. यंत्र पुसून कोरे करण्याची घाई तक्रारीपूर्वी करू नये, पुरावा तेथेच असतो.

या व्यवसायाचे अर्थकारण पाहिल्यावर ‘नागरिकांनी सावध राहावे’ या उपदेशाचा तोकडेपणा अधिकच जाणवतो. अमेरिकेच्या एफबीआयने ऑक्टोबर २०१० मध्ये झ्यूसचा वापर करणाऱ्या ज्या टोळीवर कारवाई केली, तिने सुमारे सात कोटी डॉलर लांबविले होते. बळी होते लहान उद्योग, नगरपालिका, चर्च. २०१४ मध्ये बँक-चोर म्हणून अवतरलेला एमोटेट पुढे दारे उघडून देणारा ठेकेदार झाला: आत प्रवेश तो मिळवी, आणि पुढची लूट करणाऱ्या दुसऱ्या टोळ्यांना तो प्रवेश विकी. ॲडम स्मिथने टाचण्यांच्या कारखान्यात पाहिलेले श्रमविभाजन ते हेच. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे जाळे मोडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पुन्हा उभे राहिले. या साखळीतील शेवटची कडी म्हणजे चोरीचा पैसा वळता करण्यासाठी भाड्याने दिलेली बँक खाती. चार पैशांच्या मोहाने आपले खाते ‘वापरावयास’ देणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपण कोणत्या कारखान्यात मजुरी करीत आहोत हे जाणून घ्यावे.

असा संघटित उद्योग एका बाजूस आणि दुसऱ्या बाजूस एकटा माणूस, त्याचे एक बोट आणि एक बटण. बटण कसे असावे हे त्याने ठरविलेले नसते. वर्डच्या फाईलींतील मॅक्रो धोक्याचे आहेत हे मार्च १९९९ मधील मेलिसा प्रकरणाने जगाला कळले. तरीही इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतील मॅक्रो मुळातच रोखून धरण्याची व्यवस्था मायक्रोसॉफ्टने केली ती २०२२ मध्ये. मधली वर्षे एक पिवळी पट्टी आणि तिच्यावरील एक बटण यांवर निभावण्यात आली, आणि एमोटेटची पत्रे नेमके तेच बटण दाबण्याची विनंती करीत. बदल लांबला, कारण तो केल्याने ज्या मोठ्या कंपन्यांची कामे अडली असती त्या निर्मात्याच्या ग्राहक होत्या; बटण दाबून बुडणारा त्याच्या हिशेबात कोठेच नव्हता. याउलट फेब्रुवारी २०२४ मध्ये सिंगापूर सरकारच्या सहकार्याने गूगलने, लघुसंदेश वाचण्यासारखे नाजूक अधिकार मागणारे बाहेरचे प्रोग्रॅम बसविणेच रोखण्याचा प्रयोग आरंभिला आणि पुढे तो भारतातही आणला. दार मजबूत करण्याची इच्छा असली म्हणजे दार मजबूत होते.

ही इच्छा उत्पन्न कशी होते, याचे उत्तर केंब्रिजचे रॉस अँडरसन यांनी २००१ च्या एका गाजलेल्या निबंधात दिले. एटीएममधून आपण पैसे काढलेच नाहीत असे ग्राहकाने म्हटल्यास, ग्राहक चुकतो आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अमेरिकेत बँकेवर होती. ब्रिटनमध्ये व्यवहारतः ती ग्राहकावर पडे. परिणाम असा झाला, की ब्रिटिश बँका गाफील राहिल्या आणि त्यांच्याकडे गैरव्यवहार बळावले. अमेरिकी बँकांनी सुरक्षिततेवर कमी खर्च करूनही त्यांचे नुकसान कमी झाले, कारण तो खर्च योग्य जागी होत होता. ज्याच्या हाती उपाय आहे त्याच्याच माथी तोटा असला पाहिजे, हे तत्त्व अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला परिचित आहे. आणि बँकांनी सामान्यांच्या गाफीलपणाकडे बोट दाखविण्यापूर्वी ऑगस्ट २०१८ मधील पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण आठवावे. तेथे बँकेच्याच यंत्रणेत मालवेअर शिरले, अठ्ठावीस देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात हे तत्त्व बऱ्याच अंशी मान्य केलेले दिसते. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून व्यवस्थेत अन्यत्र असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळविले, तर त्याच्यावर काहीही भार पडू नये. चार ते सात दिवसांत कळविल्यास भाराला कमाल मर्यादा असावी. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असावी, असे त्यात ठरविण्यात आले. मात्र ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झाल्यास, कळवीपर्यंतचा सारा तोटा त्याचा, असेही त्यात होते. उदाहरण दिले होते ते गोपनीय माहिती दुसऱ्यास सांगण्याचे. ट्रोजनची पंचाईत येथेच होते. ज्याच्या यंत्रातून ओटीपी उचलला गेला त्याने तो कोणालाही सांगितलेला नसतो. त्याने फक्त लग्नपत्रिका उघडलेली असते. पत्रिका उघडणे आणि गुपित सांगणे ही एकच कृती मानावयाची असेल तर तसे उघड लिहिले पाहिजे, आणि नसेल तर बँकांना तसे बजावले पाहिजे.

त्याहून अवघड प्रश्न दिवसांच्या मोजणीचा. बँकेने पाठविलेला संदेश केव्हा पोचला याची नोंद ठेवावी आणि ग्राहकाची जबाबदारी ठरविताना ती महत्त्वाची मानावी, असे त्या परिपत्रकात म्हटले होते. परंतु लघुसंदेशांवर पुरता ताबा मिळविलेला ट्रोजन पैसे गेल्याची सूचना मालकाच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच पुसून टाकू शकतो. बँकेच्या दफ्तरी संदेश पोचल्याची नोंद खरी असते. ग्राहकाला मात्र पासबुक भरून घेईपर्यंत कशाचाच पत्ता नसतो आणि तोवर सात दिवस उलटून गेलेले असतात. ओटीपी आणि पैसे गेल्याची सूचना ही दोन्ही एकाच यंत्रावर पाठविण्याची पद्धत बँकांनी सोडावी, मोठ्या रकमेची सूचना दुसऱ्या क्रमांकावर वा ई-टपालाने जावी, आणि यंत्रात ट्रोजन आढळल्याचा तपासणी-अहवाल ग्राहकाने सादर केल्यास तीन दिवसांची मोजणी त्याला प्रत्यक्ष कळल्याच्या तारखेपासून धरावी, एवढी दुरुस्ती करून घेण्यासाठी शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी रिझर्व्ह बँकेकडे मागणी करावयास हवी. पगार ज्या खात्यांत जमा होतो ती खाती याच सभासदांची आहेत.